बंद पडली, की बंद केली?

गिरणी ‘बंद पडली’ असं आपण सगळेच म्हणतो. घड्याळ बंद पडतं, घाटात गाडी बंद पडते, तशी गिरणी बंद पडते. क्रियापद सोयीचं आहे, त्याला कर्ता लागत नाही. परवा अशाच बंद गिरण्यांच्या फोटोंचं एक लहानसं प्रदर्शन पाहायला गेलो होतो. सगळे फोटो फिल्मवर काढलेले, कृष्णधवल, डार्करूममध्ये हाताने प्रिंट केलेले. फुटक्या छपरातून उतरणारे उजेडाचे पट्टे, भिंत फोडून आलेला पिंपळ, गंजलेली पुली. प्रत्येक फोटोखालच्या चिठ्ठीवर कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, रोल कोणता, डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) कोणता हे नीट छापलेलं. गिरणीचं नाव मात्र एकाही चिठ्ठीवर नव्हतं. बाहेर चहाच्या टेबलापाशी वाद पेटला होता, आणि तो वाद मी गेली पंधरा-वीस वर्षं वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे. एका बाजूचं म्हणणं, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे. ज्यांचे संसार इथे उद्ध्वस्त झाले त्यांच्या ओसाडीची तुम्ही शोभेची चित्रं करता. दुसरी बाजू म्हणते, कला कलेच्या जागी. फिल्मला जो जीव असतो तो मोबाइलच्या फोटोत येत नाही, आणि सगळ्याला राजकारण चिकटवायची काही गरज नाही.

दोघंही भलत्याच मुद्द्यावर भांडतात असं मला वाटतं. बंद कारखान्यांचे फोटो काढावेत, भरपूर काढावेत, आणि ज्याला परवडेल त्याने फिल्मवरच काढावेत, या मताचा मी आहे. मात्र फिल्मच्या दाणेदार पोतासाठी किंवा त्या जुन्या दिसण्यासाठी नव्हे. निगेटिव्ह हा एक दस्तऐवज आहे म्हणून. गिरणगावाची कहाणी पहिल्यापासून दस्तऐवजांची आहे: हजेरीपटावर नाव कोणाचं होतं, कोणती शेड कुठवर उभी होती, जमीन मोकळी कोणती आणि बांधलेली कोणती. अशा जागी काढलेला फोटो सुंदर आला तर माझी तक्रार नाही. त्याच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नसतं, ही तक्रार आहे.

आधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करू. आणि ते बरंच आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं उदाहरण जगभर दिलं जातं. मोटारींचे कारखाने गेले, माणसं गेली, आणि २००८-०९च्या मंदीनंतर तिथे कॅमेरे घेऊन बाहेरच्यांची रीघ लागली. पॅकर्डचा मोडका कारखाना, १९८८ मध्ये बंद झालेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन, तेच ते कोन, तेच ते ढग. वैतागलेल्या स्थानिकांमधूनच या प्रकाराला एक शिवी मिळाली, जिचा मराठीत अर्थ ‘भग्नतेची अश्लील चित्रं’ असा होईल. शिवी बोचरी होती, कारण ती खरी होती. त्या फोटोंत शहर मेलेलं दिसे, आणि फोटोच्या चौकटीबाहेर त्याच शहरात लाखो माणसं राहत होती, नळाच्या बिलांसाठी भांडत होती. आपल्याकडे वेगळं काय आहे? ज्या गिरणीला आपण ‘ओसाड’ म्हणतो तिच्या भिंतीला लागून चाळ असते, चाळीत लोक असतात, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचा त्या गिरणीशी हिशेब अजून मिटलेला नसतो. गिरणी ओसाड नसते. तिला मालक असतो, वॉचमन असतो, कोर्टात दावा असतो, आणि बाजारात भाव असतो. ज्या जागेचा चौरस फुटाचा दर शहरातल्या सगळ्यात चढ्या दरांत मोडतो तिला बेवारस म्हणणं हा भाषेचा विनोदच म्हणायचा.

फिल्मवर काढलेल्या चित्रांबद्दल तर आणखी एक आक्षेप आहे, जो टीकाकारांनाही सहसा सुचत नाही, म्हणून मीच मांडतो. अंधाऱ्या शेडमध्ये, तिपाईवर कॅमेरा लावून, लेन्सचं छिद्र बारीक करून फोटो घ्यायचा तर शटर तीस सेकंद, मिनिटभर, कधी चार-पाच मिनिटं उघडं ठेवावं लागतं. प्रकाश कमी झाला की फिल्म आणखी सुस्तावते. हिशेबाने मिनिट येतं तिथे तिला तीन मिनिटं द्यावी लागतात. एवढ्या वेळात जो हलतो तो चित्रातून पुसला जातो. १८३८च्या सुमारास डागेर या फोटोग्राफीच्या आद्य फ्रेंच संशोधकाने पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. गाड्या, घोडे, माणसं सगळी गायब. रस्ता स्मशानासारखा सुना. दिसतो तो फक्त एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता, आणि त्याच्या पायाशी बसलेला, अंधुकसा, पॉलिश करणारा. माणूस दिसणारं जगातलं हे बहुधा पहिलं छायाचित्र. म्हणजे ओसाडी कधी कधी जागेत नसतेच, ती कॅमेऱ्याने केलेली असते. गिरणीत मिनिटभराचं एक्स्पोजर चालू असताना कोपऱ्यातून वॉचमन चालत गेला तर तो चित्रात उरत नाही. मग आपण म्हणतो, बघा, किती निर्मनुष्य!

आणि काही गोष्टी तर कॅमेरा कितीही वेळ उघडा ठेवला तरी येत नाहीत. साचेखात्याच्या, म्हणजे जिथे मागांवर कापड विणलं जाई त्या खात्याच्या, रिकाम्या शेडचा फोटो बघा. लांबच लांब रांगेतले खांब, स्वच्छ उजेड. या खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता हे त्यात कुठे दिसतं? मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाऊ नये म्हणून त्यांना या जास्त पगाराच्या खात्याबाहेर ठेवलं गेलं. १९२८-२९च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांना या प्रश्नावर जाब विचारला होता. ज्या शेडकडे बघून आपण ‘वा’ म्हणतो, तिच्या दाराशी कोणाला अडवलं जाई हे सांगायला शब्दच लागतात. तेव्हा ‘फोटो स्वतःच बोलतो’ हे वाक्य मला खोटं वाटतं. गिरणीचा फोटो तर मुळीच बोलत नाही.

इतकं कबूल केल्यावर फोटो काढूच नयेत असा निष्कर्ष निघतो का? इथे मला टीकाकारांची साथ सोडावी लागते.

सौंदर्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा राग त्यावर आहे. बंद शेडमधला उजेड इतका देखणा का येतो? फोटोग्राफरच्या डोळ्यामुळे? छपरांकडे बघा. जुन्या साचेखात्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असतात: एक बाजू उतरती, दुसरी जवळपास उभी आणि काचेची. ती काचेची बाजू उत्तरेला तोंड करून बसवलेली असते. आपल्या गोलार्धात उत्तरेकडून थेट ऊन जवळपास येत नाही. येतो तो नुसता आभाळाचा सपाट, थंड, दिवसभर फारसा न बदलणारा उजेड. त्यात सावल्या धारदार पडत नाहीत. साच्यावर तुटलेला धागा चटकन दिसावा, कापडात डाग राहू नये, म्हणून ही सोय. वीज यायच्या आधी जुने फोटो स्टुडिओ याच कारणासाठी उत्तरेला काच ठेवत. म्हणजे गिरणीची शेड हा मुळातच एक अवाढव्य स्टुडिओ होता, आणि त्यात कामगाराच्या डोळ्यांकडून दहा-दहा तास काम काढायचं असे. फोटोत जे सौंदर्य दिसतं ते पडझडीचं नाही, कामाचं आहे. छप्पर फुटल्यावर आत येणारे ते नाट्यमय पट्टे पाहून आपण हरखतो, पण साचेवाल्याच्या दृष्टीने तो उजेड वाईट. तो डोळ्यावर येणारा. एवढं चिठ्ठीवर लिहिलं, तर तोच फोटो वॉलपेपर राहत नाही. हे लिहायला फोटोग्राफरला अडवतं कोण?

दुसरं, भग्न वास्तूंची चित्रं काढणाऱ्याचा हेतू शुद्ध असला पाहिजे, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत. इतिहास तसं सांगत नाही. एक योगायोग बघा. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली १८५४ साली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी तिच्या कामात होते. गिरणी आणि कॅमेरा या शहरात जुळ्या भावंडांसारखे आले, म्हणायला हरकत नाही. पण सरकारने कॅमेरा वळवला कुठे? १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूर, बदामीकडच्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायच्या कामावर नेमलं. ताडदेवला धूर ओकायला निघालेल्या चिमणीपेक्षा आदिलशाहीचे पडके घुमट त्यांना फोटोजोगे वाटले. १८५६ मध्ये ग्रीनलॉ नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने हंपीचे फोटो घेतले, मेण लावलेल्या कागदाच्या मोठमोठ्या निगेटिव्हांवर. हा हौशी माणूस. त्याला विजयनगरच्या वारसांबद्दल कळवळा होता असं मानायला काही आधार नाही. जितांच्या देशातले अवशेष पाहणारी जेत्याची नजर होती ती. तरीही ते कागद आज का जपले जातात? कारण नंतर जे पडलं, हललं, चोरीला गेलं, ते त्या निगेटिव्हांत उभं आहे. त्याच कोनांतून सव्वाशे वर्षांनी पुन्हा फोटो घेतले गेले, आणि मध्ये काय काय नाहीसं झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघता आलं. काढणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर गेला. निगेटिव्ह राहिली, आणि ती दुसऱ्यांच्या कामी आली. हेतूची परीक्षा घेऊन फोटो काढायची परवानगी द्यायची ठरवली असती, तर १८५६ची हंपी आपल्याकडे नसती.

आता मुंबईच्या मातीवरचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर त्या चहाच्या टेबलापाशी एक शब्दही निघाला नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप आपल्याला माहीत आहे. अडीच लाखांच्या घरात कामगार, डॉ. दत्ता सामंत, आणि कधीही रीतसर मागे न घेतलेला संप. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत गिरण्या एकामागून एक ‘पडत’ गेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम म्हणत होता, की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करा: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटे राहिले, पण सगळ्या जमिनीचे नव्हे, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे. मग मोकळी जमीन म्हणजे कोणती? शेड पाडल्यावर जी मोकळी झाली तीसुद्धा, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ते फिरवलं. शेडखालची जमीन शेड पाडल्यावरही वाटणीत येणार नाही. जवळजवळ सहाशे एकरांचा प्रश्न या एका शब्दावर तोलला गेला.

हे नीट लक्षात घ्या. ज्या इमारती पाडल्या गेल्या त्यांनी किती जमीन व्यापली होती, यावर शहराला बाग किती, घरं किती, हे ठरणार होतं. पत्र्याची तात्पुरती टपरी ही ‘इमारत’ का? सायझिंगच्या (सुताला खळ देण्याच्या) खात्यामागचं गोडाऊन नक्की कुठवर होतं? नकाशे होते, अर्थातच. ते मालकांच्या आणि कचेऱ्यांच्या कपाटांत होते. अशा वेळी आवाराच्या चार भिंतींच्या आत, चार कोपऱ्यांतून, तारीख घालून काढलेले दोनशे फोटो सामान्य माणसाच्या हातात असते तर? कोर्टात त्यांनी निकाल फिरवला असता असा माझा दावा नाही. पण जे उभं होतं ते कसं आणि कुठवर उभं होतं, हे आम्हीही पाहिलं आहे, असं म्हणता आलं असतं. आज तेही म्हणता येत नाही. पुली आणि पिंपळाचे फोटो आपल्याकडे ढिगाने आहेत. आवाराच्या सीमेचा फोटो शोधून दाखवा.

‘पण मग डिजिटलवर काढा ना! फिल्म ही श्रीमंतांची हौस.’ आक्षेप वजनदार आहे. छत्तीस फ्रेमचा रोल, धुणं, स्कॅन मिळून खर्च सहज दीड हजाराच्या पुढे जातो. गिरणी कामगाराच्या मुलाने तो का करावा? नोंद म्हणून पाहिलं तर डिजिटल कॅमेरा अनेक बाबतींत सरस आहे, हेही खरं. मोजमाप, रंग, हजारो फ्रेम, फुकटात नक्कल. आणि फिल्मवाले ज्या ‘आत्म्या’च्या गप्पा मारतात तो बहुतांशी जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांचा मामला आहे. त्यांच्या या अभिमानाची तर मला गंमत वाटते. आपल्या देशातही फिल्म बनत होती. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६०च्या दशकात उभा राहिला, ‘इंदू’ नावाने त्याचे कृष्णधवल रोल बाजारात येत. दादरच्या चैत्यभूमीजवळच्या गिरणीला लोक इंदू मिल म्हणत, आणि उटीचा रोलही इंदूच. दोन्ही बंद. फिल्मवर बंद कारखान्याचा फोटो काढणारा माणूस ज्या वस्तूने फोटो काढतो, तिचा आपल्याकडचा कारखानाही बंद कारखान्यांतच जमा आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

मग फिल्मचा आग्रह का? दोन साध्या कारणांसाठी. पहिलं, निगेटिव्हची पट्टी क्रम मोडू देत नाही. सातव्या फ्रेमनंतर आठवीच येते. फसलेली, हललेली, नको ती माणसं आलेली फ्रेमसुद्धा पट्टीवरच राहते. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम एकत्र छापलेल्या कागदावर, नजर फिरवली की काढणारा कुठल्या दाराने शिरला, कुठे थांबला, काय वगळलं, हे दुसऱ्या माणसाला वाचता येतं. मोबाइलवर आपण तिथल्या तिथे पुसतो, आणि जे पुसलं ते पुसलं हेही कळत नाही. दुसरं कारण टिकण्याचं. २००४-०५च्या सुमारास, म्हणजे नेमक्या त्या वर्षांत जेव्हा एनटीसीच्या (सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्यांचे लिलाव होऊन शेडी धडाधड पडत होत्या, तेव्हा लोकांच्या हाती पहिले स्वस्त डिजिटल कॅमेरे आले होते. ते फोटो सीडीवर गेले. त्या सीडी आज काढून बघा, किती उघडतात. सीडी लावायचं यंत्र घरात आहे का, इथून सुरुवात. त्याच वर्षांतली निगेटिव्ह खिडकीशी धरली तर दिसते. तिला यंत्र लागत नाही, पासवर्ड लागत नाही, काढणाऱ्याचा वारस कोण हेही लागत नाही. मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, हे मी स्वतःचे रोल गमावून शिकलो आहे. पण बुरशीला दोन रुपयांची सिलिका जेलची पुडी पुरते. हरवलेल्या पासवर्डला काही पुरत नाही.

आता तो मुद्दा, ज्यावर तावातावाने लिहायची माझी हिंमत होत नाही. २२ ऑगस्ट २०१३ला महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण वृत्तछायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. ती सहकाऱ्यासोबत, नेमून दिलेल्या कामासाठी, त्याच पडक्या गिरणीचे फोटो काढायला गेली होती. त्यानंतर बंद कारखान्यांत कॅमेरा घेऊन जाणं या विषयावर बोलणारा प्रत्येक माणूस या नावापाशी येऊन थांबतो, आणि थांबायलाच हवं. शिवाय सडलेले मजले, ॲस्बेस्टॉसचे पत्रे, रसायनांची पिंपं आहेतच. ‘जाऊच नका’ म्हणणाऱ्यांना मी बेजबाबदार म्हणणार नाही. पण त्या घटनेनंतर आपण प्रश्न कोणता विचारला तेही आठवा. ती तिथे गेली कशाला, हा. शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एवढी मोठी जागा वर्षानुवर्षं दिव्याविना, पहाऱ्याविना कोणाच्या निर्णयांमुळे पडून होती, हा प्रश्न मागे पडला. त्याच आवारात आदल्याच महिन्यात दुसऱ्या एका तरुणीवर असाच अत्याचार झाला होता, हे नंतर बाहेर आलं. ती काही फोटो काढायला गेली नव्हती. धोका कॅमेऱ्याने आणला नाही. बंद करून, कुलूप घालून, विसरून जाण्याने आणला. म्हणून चोरून भिंत चढण्याला माझा पाठिंबा नाही, त्यात शौर्य तर नाहीच. रीतसर, दिवसाढवळ्या, चौघांनी मिळून, परवानगीने आत जाता आलं पाहिजे. आणि ती परवानगी ही फोटोग्राफरवर मेहरबानी नसावी. पाडकामाच्या परवान्यासोबत जोडलेली अट असावी.

हे काही आकाशातून पाडलेलं स्वप्न नाही. ग्लासगो शहराने आपल्या जुन्या कोंदट गल्ल्या पाडायच्या ठरवल्या, तेव्हा १८६८ मध्ये टॉमस ॲनन या फोटोग्राफरला आधी त्यांचे फोटो काढायला सांगितलं. त्या फोटोंत गल्लीत उभी राहिलेली माणसं आहेत, काही हलल्यामुळे भुतासारखी झालेली, पण आहेत. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९पासून खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या मोठ्या कॅमेऱ्यावर टिपायला सुरुवात केली. आभाळ ढगाळ असेल तेव्हाच, समोरून, कुठलंही नाट्य न करता. एकाच जातीच्या दहा वास्तू शेजारी शेजारी. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका करायला जागा आहे. पण १९६९ मध्ये डॉर्टमुंडच्या झोलर्न खाणीचं यंत्रघर पाडायला निघाले, तेव्हा ते वाचवायला धडपडणाऱ्यांत हे दोघं होते. ते यंत्रघर वाचलं, आज तिथे उद्योगांचं संग्रहालय आहे. त्यांना ‘ओसाडीचं सौंदर्य’ नको होतं, यादी हवी होती. आपल्याकडे फिनिक्सची चिमणी मॉलच्या अंगणात शोभेला उभी आहे, नागपूरची १८७७ची एम्प्रेस मिल मॉलला नाव देऊन गेली, आणि काळाचौकीच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची वाट आपण किती वर्षं बघतो आहोत, मोजायचं मी सोडून दिलं आहे.

आणि यादी म्हणजे काय ते गिरणी कामगारांना विचारा. म्हाडाच्या घरासाठी अर्ज करताना आपण त्या गिरणीत होतो हे त्यांना सिद्ध करावं लागतं. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, ईएसआयचा क्रमांक, फंडाची चिठ्ठी. दीड लाखाहून जास्त अर्ज आले. २०१२च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती सात हजारांच्या आत. कोकणातल्या, घाटावरच्या कित्येक घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका उपसल्या गेल्या. ज्या शहरात माणसाला आपलं आयुष्य एका पिवळ्या चिठ्ठीने शाबीत करावं लागतं, तिथे नाव-गाव नसलेला फोटो ही मला तरी चैन वाटते.

म्हणून उपदेश करायच्या आधी माझाच एक रोल काढून पाहिला. वीसेक वर्षांपूर्वी एका गिरणीत, पाडकाम सुरू व्हायच्या थोडं आधी, ओळखीने दोन तास मिळाले होते. जुना ट्विन लेन्स कॅमेरा, बारा फ्रेमचा रोल. वॉचमन पूर्वी त्याच गिरणीत साचेवाला होता. मी छपराकडे लेन्स वळवली, तर तो म्हणाला, वर काय बघता, खाली बघा. फरशीवर ठरावीक अंतराने बोल्टांची भोकं होती, तेलाने काळी झालेली. हा एक साचा, हा दुसरा, आणि माणूस उभा राहायचा तो इथे, असं त्याने पावलांनी मोजून दाखवलं. दोन रांगांमध्ये जेमतेम दीड हात जागा. एका माणसाने किती साचे सांभाळायचे यावर १९२८ साली सहा महिने संप झाला, तो वाद या दीड हातातला. आठ ते अकरा या फ्रेम त्या फरशीच्या आहेत. भोकं मोजली तर साचे मोजता येतात. बाराव्या फ्रेमसाठी तो आपल्या जागेवर उभा राहिला. हलू नका म्हटलं होतं. पण तुटलेला धागा कसा जोडायचा ते तो मला दाखवत होता, त्यामुळे चेहरा स्पष्ट आला आहे आणि हात आलेलेच नाहीत.

ट्रेसिंग पेपरच्या पाकिटावर मी त्या वेळी बॉलपेनने लिहिलेलं अजून नीट वाचता येतं. फ्रेम बारा: एफ/११, चाळीस सेकंद, ढगाळ. त्याचं नाव, तिकीट नंबर, काही लिहिलेलं नाही.